चिनी मुत्सद्द्यावर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थिनीस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

प्रबंधाचा आराखडा मिळाला, सावकाश वाचला. विषय पाहून फार बरं वाटलं. चीनबद्दल बोलणारे आपल्याकडे उदंड आहेत. सीमेवरचे नकाशे, व्यापारातली तूट, युद्धनौका यांवर कोणीही तासभर बोलेल. पण बीजिंगने पाठवलेला एक माणूस दिल्लीत किंवा काठमांडूत येऊन काही वर्षं राहतो, तो तिथे करतो काय, त्याला कोणी घडवलं, त्याची बढती कशावर ठरते, हे मराठीत क्वचितच वाचायला मिळतं. तू ते लिहिणार आहेस. म्हणून पहिलं प्रकरण लिहून व्हायच्या आत हे पत्र लिहायला घेतलं.

आराखड्याची सुरुवात तू २०२० पासून केली आहेस. ट्विटरवर भांडणारे प्रवक्ते, यजमान देशाच्या पत्रकारांना झापणारे राजदूत, माध्यमांनी त्यांना दिलेलं ‘लांडगे योद्धे’ हे नाव, आणि मग तुझा प्रश्न: हे लोक एकाएकी असे का वागू लागले? माझ्या मते ते एकाएकी घडलेलंच नाही. या माणसांची घडण फार जुनी आहे. सुरुवात १९४९ पासून कर.

त्या वर्षी चीनमध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले आणि ८ नोव्हेंबरला नव्या परराष्ट्र मंत्रालयाची स्थापना सभा झाली. पंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्री ही दोन्ही पदं चौ एन लाय यांच्याकडे होती. जुन्या राजवटीच्या मुत्सद्द्यांवर विश्वास नव्हता आणि स्वतःचे तयार मुत्सद्दी जवळजवळ नव्हते. मग राजदूत कोण? तर लढाईवरून नुकतेच उतरलेले सेनापती. चौंनी त्यांना सांगितलं की तुम्ही साध्या वेशातलं मुक्तिसैन्य, म्हणजे आपलं लष्करच, आहात. माओंनी सेनापतींच्या निवडीचं समर्थन केलं ते असं, की हे लोक पळून जाणार नाहीत. यातल्या अनेकांना एकही परकी भाषा येत नव्हती. त्यांना काटे-चमचे धरायला, सूट घालायला, मेजवानीत कुठे बसायचं ते शिकवावं लागलं. परदेशी राजदूत माओंना अधिकारपत्रं सादर करतो तो विधी कसा असतो हे त्यांनी आडून, लपून पाहिलं, कारण लवकरच त्यांना कुठल्या तरी राजधानीत तेच करायचं होतं.

भारतात आलेले पहिले चिनी राजदूत युआन झोंगशियान हे असेच सेनापती. १९४९ मध्ये यांगत्से नदीत अडकून पडलेल्या ‘अॅमेथिस्ट’ या ब्रिटिश युद्धनौकेच्या कप्तानाशी चिनी बाजूने वाटाघाटी करणारे हेच, आणि पुढच्याच वर्षी ते दिल्लीत दाखल झाले. गेंग बियाओ हे दुसरं नाव लक्षात ठेव. लाँग मार्चमधला, म्हणजे १९३४-३५ च्या कम्युनिस्ट सैन्याच्या लांबलचक माघारीतला, हा लढवय्या १९५० मध्ये स्वीडनला राजदूत म्हणून गेला, मग पाकिस्तान, ब्रह्मदेश, अल्बानिया अशा नेमणुका केल्या, आणि १९८१ मध्ये चीनचा संरक्षणमंत्री झाला. त्या सुमारास त्यांच्या कार्यालयात सचिव म्हणून एक तरुण काम करत होता. त्याचं नाव शी जिनपिंग. सैन्य, पक्ष आणि परराष्ट्र सेवा यांच्यामधल्या भिंती आपल्याकडे जितक्या जाड असतात तितक्या तिथे कधीच नव्हत्या, हे या एका माणसाच्या आयुष्यावरून दाखवता येईल.

चौंनी आपल्या मुत्सद्द्यांना चार अपेक्षा घालून दिल्या, आणि आजही त्या मंत्रालयात सांगितल्या जातात. भूमिका पक्की हवी. धोरण नीट अवगत हवं. कामात वाकबगार हवं. शिस्त काटेकोर हवी. तू या चारांचा क्रम बघ. आपण मुत्सद्दी म्हटलं की आधी वाकबगारपणा आठवतो: भाषा, माणसं जोडण्याची हातोटी, हजरजबाबीपणा. इथे तो तिसऱ्या जागी आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना निष्ठा आणि शिस्त उभी आहेत. मला तुझ्या प्रबंधाकडून जी एक गोष्ट हवी आहे ती इथेच आहे. परदेशात राहून त्या देशाची जाण मिळवलेला माणूस त्या जाणिवेचं पुढे काय करतो? ती बीजिंगला कळवतो का? गिळतो का? बीजिंगला जे ऐकायचं असतं त्याला साजेशी करून पाठवतो का? चिनी राजदूत बोलतो तेव्हा समोरच्याइतकाच, कित्येकदा समोरच्यापेक्षा जास्त, तो मायदेशी बसलेल्या वरिष्ठांशी बोलत असतो. प्रत्येक कारकीर्द या खेचाखेचीच्या अंगाने वाचलीस तर २०२० चे राजदूतही आपोआप समजतील.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण आपल्याच राजधानीत घडलं आहे, आणि तुझ्या आराखड्यात ते नाही याचं मला आश्चर्य वाटलं. युआन यांच्यानंतर १९५६ मध्ये पान झिली दिल्लीला आले. मॉस्कोत शिकलेले, पक्षातले जुने कार्यकर्ते, सैन्यात राजकीय अधिकारी म्हणून वावरलेले. भारतासोबत नेपाळचा कार्यभारही त्यांच्याकडे होता. ते आले तेव्हा पंचशील कराराचा आणि बांडुंगच्या आशियाई-आफ्रिकी परिषदेचा उत्साह हवेत होता. मार्च १९५९ मध्ये ल्हासात उठाव झाला, दलाई लामा भारतात आले, आणि सगळं फिरलं. १६ मे १९५९ रोजी पान झिली आपले परराष्ट्र सचिव सुबिमल दत्त यांना भेटले आणि त्यांनी एक निवेदन वाचून दाखवलं. आशय असा, की चीनचा मुख्य शत्रू पूर्वेला आहे, अमेरिका. भारताशी पश्चिमेला वैर पत्करण्याचा मूर्खपणा चीन करणार नाही. आम्ही दोन आघाड्यांवर लढू शकत नाही, आणि आम्हाला वाटतं, तुम्हीही लढू शकत नाही, हो ना?

शेवटचा तो ‘हो ना?’ ऐकताना दत्त यांना काय वाटलं असेल याची कल्पना कर. भारताने आठवडाभरात, २३ मेला, उत्तर दिलं: ही भाषा मित्रराष्ट्रांमधल्या शिष्टाचाराला धरून नाही. पुढे चीनमध्येच जी कागदपत्रं प्रसिद्ध झाली त्यांवरून कळतं, की निवेदनातला तो भाग खुद्द माओंनी लिहिला होता. म्हणजे दिल्लीत बसलेल्या, तीन वर्षं या देशात वावरलेल्या राजदूताच्या तोंडी बीजिंगहून वाक्यं आली, आणि त्याने ती जशीच्या तशी वाचली. ती वाक्यं भारताला कशी लागतील हे पान झिलींना कळलं नसेल असं मला वाटत नाही. पण त्यांचं काम वाक्यं पोचवण्याचं होतं.

या प्रसंगाचा मूळ मजकूर तुला मिळेल. आपल्या सरकारने १९५९ पासून दोन्ही देशांमधल्या खलित्यांच्या श्वेतपत्रिका काढल्या, त्यांतल्या पहिलीतच निवेदन आणि उत्तर दोन्ही आहेत. ते शब्द न् शब्द वाच. आणि मग पान झिलींचं पुढचं आयुष्य बघ. १९६२ मध्ये ते दिल्लीहून गेले आणि मॉस्कोला राजदूत झाले, तेही चीन आणि सोव्हिएत संघाचं भांडण शिगेला पोचत असताना. म्हणजे दोन मोठ्या शेजाऱ्यांशी संबंध तुटत जाताना दोन्हीकडे हाच माणूस. मग सांस्कृतिक क्रांतीत, म्हणजे माओंनी १९६६ पासून पेटवलेल्या उलथापालथीत, त्यांचा छळ झाला आणि १९७२ मध्ये ते वारले. इतकी वर्षं निष्ठेने वाक्यं पोचवूनही त्यांना अभय मिळालं नाही. इकडे दिल्लीत चीनचा राजदूत पुन्हा यायला १९७६ उजाडलं. मधली सगळी वर्षं वकिलात प्रभारी अधिकाऱ्यावर चालली.

सांस्कृतिक क्रांतीवर वेगळं प्रकरण लिहू नकोस, विषय हाताबाहेर जाईल. पण १९६७ हे वर्ष मात्र सोडू नकोस. परदेशातले जवळजवळ सगळे चिनी राजदूत माघारी बोलावले गेले. कैरोत हुआंग हुआ तेवढे राहिले. जूनमध्ये बीजिंगमधल्या दोन भारतीय मुत्सद्द्यांवर हेरगिरीचा आरोप ठेवून त्यांना देशाबाहेर काढलं, विमानतळावर जमावाने मारहाण केली, आणि दिल्लीत लोक चिनी वकिलातीवर चालून गेले. ऑगस्टमध्ये बीजिंगमधली ब्रिटिश कचेरी जाळली गेली. त्याच महिन्यात लंडनच्या पोर्टलँड प्लेसवर चिनी वकिलातीतले कर्मचारी काठ्या घेऊन पोलिसांना भिडले. मला सांग, लंडनला नेमलेला माणूस रस्त्यावर उतरून पोलिसांशी मारामारी का करेल? त्याने ब्रिटनचं काय बिघडणार होतं? ती मारामारी बीजिंगने पाहावी म्हणून होती. आपण पुरेसे क्रांतिकारक आहोत हे घरच्यांना दाखवायचं होतं. हे वाचून मग २०२० च्या ट्विट्सकडे ये. त्यातला आवेश तुला ओळखीचा वाटेल.

आता एका माणसाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तुझ्या प्रबंधाचा कणा तो व्हावा अशी माझी इच्छा आहे. जी चाओझू. जन्म १९२९. जपानी आक्रमणाच्या काळात घरच्यांसोबत लहानपणीच अमेरिकेत गेले, न्यूयॉर्कमध्ये वाढले, हार्वर्डला रसायनशास्त्र शिकायला लागले. १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटलं आणि हा मुलगा शिक्षण अर्धवट टाकून चीनला परतला. इंग्रजी मातृभाषेसारखं आणि चिनी मात्र कच्चं. कोरियातल्या पानमुनजोमच्या युद्धविराम वाटाघाटींत टिपणं घ्यायला त्यांना पाठवलं. तिथून ते चौ एन लाय यांचे दुभाषे झाले आणि जवळजवळ दोन दशकं त्यांच्या खांद्यामागे उभे राहिले. चौंना स्वतःला इंग्रजी बऱ्यापैकी कळायचं, त्यामुळे एखादा शब्द गाळला तर तो पकडला जाई.

१९७० च्या राष्ट्रदिनी माओंनी एडगर स्नो या अमेरिकी पत्रकाराला तिआनमेनच्या सज्जात आपल्या शेजारी उभं केलं. चीनचं दार अमेरिकेसाठी किलकिलं होतंय, ही खूण होती. वॉशिंग्टनला ती तेव्हा समजलीच नाही. त्या छायाचित्रात दोघांच्या जवळ जो तिसरा माणूस दिसतो तो जी. फेब्रुवारी १९७२ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन बीजिंगला आले, त्या रात्रीच्या मेजवानीत चौंचं भाषण इंग्रजीत सांगणारे जी. १९७९ मध्ये डेंग शियाओपिंग अमेरिकेला गेले तेव्हाही दुभाषे जी. इतक्या उंचीवर वावरलेल्या या माणसाला सांस्कृतिक क्रांतीत शेतावर राबायला पाठवलं होतं. अमेरिकेत वाढलेला, परदेशी नातेवाईक असलेला, म्हणून संशय कायम. ज्या गोष्टीमुळे ते देशाला हवे होते, त्याच गोष्टीमुळे ते देशाला धोक्याचे वाटत. हे वाक्य मी सहज लिहीत नाही. चिनी परराष्ट्र सेवेत भाषा आणि परका देश मनापासून आत्मसात केलेल्या किती तरी माणसांच्या वाट्याला हेच आलं.

राजदूत म्हणून त्यांची पहिली नेमणूक १९८५ मध्ये फिजीला झाली, सोबत किरिबाटी आणि व्हानुआटू. वाचणाऱ्याला वाटेल, एवढ्या माणसाला इतकुशी बेटं? पण पॅसिफिकमधला प्रत्येक छोटा देश बीजिंगला मान्यता देतो की तैपेईला, म्हणजे तैवानला, ही चीनच्या दृष्टीने जिवाची लढाई होती, आणि आजही आहे. चिनी मुत्सद्द्याच्या वाटचालीत छोटा देश म्हणजे शिक्षा असं आपण धरून चाललो तर चुकतो. १९८७ मध्ये ते लंडनला गेले. तिथे असतानाच जून १९८९ आला. बीजिंगमध्ये तिआनमेन चौकाभोवती गोळीबार झाला आणि लंडनमध्ये शिकणारी चिनी मुलं त्यांच्याच वकिलातीच्या दारात निदर्शनं करत होती. त्या दाराच्या आत बसलेल्या, चाळीस वर्षांपूर्वी स्वतः विद्यार्थी असताना देशासाठी सगळं सोडून परतलेल्या माणसाची अवस्था तू शोधायची आहेस, आणि अंदाजाने रंगवायची नाहीस. पुढे १९९१ ते १९९६ ते संयुक्त राष्ट्रांत अवर महासचिव होते. २०२० मध्ये वारले. त्यांनी आत्मकथन लिहिलं आहे, तेही इंग्रजीत. ते वाचताना एक कर: जे सांगितलं आहे त्याच्या शेजारी, त्याच काळात जे घडलं पण सांगितलेलं नाही, त्याची टिपणं ठेव. निवृत्त चिनी मुत्सद्द्यांच्या आठवणी प्रामाणिक असतात, पण शिस्त निवृत्त होत नाही.

नोकरीच्या रचनेबद्दल तू वीस पानं योजली आहेस. पाच पुरेत. विद्यापीठातून, बहुधा परकी भाषा शिकून, आलेली मुलं स्पर्धा परीक्षेतून मंत्रालयात येतात. बीजिंगचं परराष्ट्र व्यवहार विद्यापीठ, ज्याची सुरुवात १९५५ ची, त्यांतलं एक मोठं उगमस्थान. मग सहायक, तृतीय, द्वितीय, प्रथम सचिव, समुपदेशक, मंत्री (मंत्रिमंडळातला नव्हे, वकिलातीतला एक दर्जा), राजदूत अशी चढण. परदेशी नेमलेल्या मुत्सद्द्यांसाठीचा स्वतंत्र कायदा १ जानेवारी २०१० पासून लागू झाला, तो मुळातून वाच. राजदूताची नेमणूक चीनच्या संसदेच्या, म्हणजे राष्ट्रीय जनकाँग्रेसच्या, स्थायी समितीच्या निर्णयाने राष्ट्राध्यक्ष करतात. आणि सगळे राजदूत एका पायरीवर नसतात: अमेरिका, रशिया, जपान, ब्रिटन अशा मोजक्या देशांतल्या राजदूताला उपमंत्र्याचा दर्जा असतो. भारत त्या मोजक्यांत आहे. यावर एक परिच्छेद नक्की लिही, कारण आपल्याकडे हे फारसं कोणाला ठाऊक नसतं. म्हणूनच ऑक्टोबर २०२२ मध्ये सुन वेइडोंग दिल्लीहून गेल्यावर मे २०२४ मध्ये शू फेइहोंग येईपर्यंत ती खुर्ची जवळपास दीड वर्ष रिकामी राहिली, ही साधी प्रशासकीय दिरंगाई मानता येत नाही.

दिल्लीला येणाऱ्यांची आधीची वाटचाल तपासलीस तर एक गोष्ट लगेच दिसेल. झोउ गांग, लुओ झाओहुई, सुन वेइडोंग, हे तिघेही भारताआधी पाकिस्तानात राजदूत होते. शू फेइहोंग मात्र तसे नाहीत. ते अफगाणिस्तान आणि रुमानियात होते. माझं मत सांगते. दक्षिण आशिया हे एकच खातं मानून तिथे एकाच वर्तुळातली माणसं फिरवण्याची ही पद्धत आहे. त्यामुळे या माणसांची जाण खोल असते, पण ती इस्लामाबादच्या खिडकीतून भारताकडे बघत तयार झालेली असते. हे तू खोडून काढलंस तरी मला आनंदच होईल, फक्त पुराव्यानिशी खोड. लुओ यांचं प्रकरण वेगळं पाहा: तरुणपणी, १९८९ नंतरची काही वर्षं, ते दिल्लीच्या वकिलातीत कनिष्ठ अधिकारी होते, त्यांच्या पत्नी जियांग यिली भारतीय तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक. ते २०१६ मध्ये राजदूत म्हणून परतले आणि पुढच्याच वर्षी डोकलामचा पेच उभा राहिला. भारत आतून ओळखणारा माणूस, आणि समोर अडीच महिने एकमेकांसमोर उभं ठाकलेलं सैन्य. तुझा मध्यवर्ती प्रश्न त्यांच्याकडे घेऊन जा.

वकिलातीतलं निम्मं आयुष्य वाटाघाटींत जात नाही, हेही लिहायला हवं. फेब्रुवारी २०११ मध्ये लिबियात यादवी सुरू झाली तेव्हा तिथे चिनी कंपन्यांचे हजारो कामगार होते. बारा दिवसांच्या आसपास ३५,८६० चिनी नागरिक बाहेर काढले गेले. ग्रीस, माल्टा, इजिप्त, ट्युनिशिया इथल्या चिनी वकिलातींनी जहाजं भाड्याने घेतली, हॉटेलं धरली, पासपोर्ट हरवलेल्यांना परतीचे कागद करून दिले. या कामात वक्तृत्व लागत नाही, झोप सोडावी लागते. तृतीय सचिव दर्जाची पोरं यात कशी तयार झाली हे कोणी फारसं लिहीत नाही. मोठ्या नावांच्या मागे लागून या माणसांना विसरू नकोस.

आता तुझ्या २०२० कडे येऊ. चीनमध्ये सामान्य माणसाच्या मनात आपल्या मुत्सद्द्यांबद्दल जुनी तक्रार आहे, की हे फार नरम आहेत. कणा ताठ व्हावा म्हणून लोकांनी मंत्रालयाला कॅल्शियमच्या गोळ्या टपालाने पाठवल्याचं सांगतात. याच्या विरोधात उभं राहून बोलणारा माणूस म्हणजे वू जियानमिन. फ्रान्समध्ये राजदूत, नंतर परराष्ट्र व्यवहार विद्यापीठाचे प्रमुख. राष्ट्रवादाचा उन्माद देशाचं नुकसान करतो, हे ते जाहीरपणे मांडत आणि त्यासाठी शिव्या खात. जून २०१६ मध्ये वुहानला मोटार अपघातात ते गेले. त्यांच्यासारखी माणसं त्या सेवेत होती, आहेत, हे तुझ्या प्रबंधात ठळक असलं पाहिजे. एकाच साच्यातली माणसं असं चित्र काढलंस तर ते सोपं होईल आणि खोटं होईल.

वू यांच्या शेजारी लू शाये यांना ठेव, कारण तेही फ्रान्समधले राजदूत. एप्रिल २०२३ मध्ये दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत त्यांनी माजी सोव्हिएत देशांच्या सार्वभौमत्वाबद्दल असं विधान केलं की बाल्टिक देश खवळले. बीजिंगने तीन दिवसांत खुलासा केला, की चीन त्या देशांचं सार्वभौमत्व मानतो. वकिलातीने ते राजदूताचं वैयक्तिक मत ठरवलं. आपल्याला वाटेल, संपली कारकीर्द. तसं झालं नाही. ते पदावर राहिले आणि २०२५ मध्ये युरोपविषयक विशेष प्रतिनिधी झाले. उलट छिन गांग बघ. प्रवक्ते, राजशिष्टाचार विभागाचे प्रमुख, २०२१ मध्ये वॉशिंग्टनला राजदूत, डिसेंबर २०२२ मध्ये परराष्ट्रमंत्री. २५ जून २०२३ ला ते शेवटचे जाहीरपणे दिसले आणि २५ जुलैला पदावरून गेले. कारण सांगितलं गेलं नाही. त्यांच्याबद्दल अफवांचा पूर आहे. त्यातली एकही ओळ प्रबंधात घेऊ नकोस. सरकारने कारण दिलं नाही, एवढंच वाक्य लिही. त्या सेवेतल्या माणसाच्या डोक्यावर काय टांगलेलं असतं ते वाचणाऱ्याला त्यातून पुरेसं कळेल.

तू विचारलं आहेस, मुंबईच्या चिनी वाणिज्यदूतावासात मुलाखती मागू का. जरूर माग. लेखी प्रश्न आधी पाठव, कारण उत्तर द्यायचं की नाही हे समोरचा अधिकारी एकटा ठरवू शकत नसतो. धोरणावर विचारलंस तर छापील उत्तर मिळेल. त्याऐवजी विचार, की हिंदी किंवा उर्दू कुठे शिकलात, पहिली नेमणूक कुठे होती, मुलं कोणत्या शाळेत गेली. माणूस तिथे बोलतो. आणि डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा विषय निघेलच, तेव्हा कंटाळू नकोस. आपल्या सोलापूरचा हा डॉक्टर १९३८ मध्ये चीनला गेला आणि ९ डिसेंबर १९४२ ला हपेई प्रांतात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी वारला. चीनचे तेव्हाचे पंतप्रधान ली केचियांग २०१३ मध्ये मुंबईत आले तेव्हा कोटणीसांच्या वृद्ध भगिनींना भेटले, शी जिनपिंग २०१४ मध्ये दिल्लीत भेटले. या आठवणीचा राजनैतिक उपयोग केला जातो हे उघड आहे. पण शिजियाझुआंगला त्यांच्या स्मारकावर फुलं वाहणाऱ्या लोकांची कृतज्ञताही खरी आहे. दोन्ही गोष्टी एका परिच्छेदात मांडता आल्या पाहिजेत.

गलवानबद्दल तू टिपेत लिहिलं आहेस, की त्या वीस जवानांची आठवण मनात असताना चिनी अधिकाऱ्यांबद्दल समतोल लिहिणं जड जातं. मुली, ते जड जाणारच. मलाही जातं. तो राग दाबून टाक असं मी म्हणणार नाही. पण त्या काळात सुन वेइडोंग दिल्लीत काय बोलले, कोणत्या तारखेला, कोणासमोर, आणि तेच बीजिंगमधून कोणत्या शब्दांत सांगितलं जात होतं, याचा तारीखवार तक्ता कर. राग बाजूला राहील आणि तक्ता बोलेल. समोरचा माणूस कोणाला उद्देशून बोलतोय हे ज्याला ओळखता येतं त्याच्याशी वाटाघाटी करणं त्या माणसाला अवघड जातं. आपल्याकडे विजय गोखले, गौतम बंबावाले यांच्यासारखी मराठी माणसं बीजिंगमध्ये राजदूत म्हणून राहिली. त्यांनी निवृत्तीनंतर केलेलं लेखन आणि भाषणं शोध, कारण टेबलाच्या पलीकडे बसलेल्यांना इतक्या जवळून पाहिलेली माणसं थोडी.

चिनी भाषेचा वर्ग सोडायचा विचार तू करते आहेस असं कळलं. सोडू नकोस. वर्षभरात मूळ कागद वाचता येणार नाहीत, हे खरं. पण परराष्ट्र मंत्रालयाच्या पत्रकार परिषदेचा चिनी आणि इंग्रजी मजकूर शेजारी ठेवून फरक ओळखण्याइतपत नजर दोन वर्षांत येते, आणि तुझ्या विषयाला नेमकी तीच लागणार आहे.

सध्या एवढं कर. २०२० चं प्रकरण शेवटी ढकल. पान झिलींचं प्रकरण आधी घे. श्वेतपत्रिकेतला १६ मे आणि २३ मेचा मजकूर उतरवून काढ, त्यावर तुझं विवेचन जास्तीत जास्त पंधरा पानं. गणपतीच्या सुट्टीत घरी ये, तेव्हा पानं घेऊन बसू. येताना आईलाही आण, बरेच दिवसांत भेट नाही.

तुझ्या मॅडम